क्लॅमिडियाची तपासणी नाशिकमध्ये: पॅकेज, पीसीआर आणि सिव्हिलचं सुरक्षा क्लिनिक

आधी निकाल सांगून टाकू. क्लॅमिडिया या लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या संसर्गाची शंका आहे आणि खिशात एकाच तपासणीचे पैसे आहेत, तर ते पहिल्या धारेच्या लघवीच्या पीसीआरवर, म्हणजे जिवाणू थेट शोधणाऱ्या तपासणीवर घाला. लघवीच्या जागेतून स्राव येतोय, जळजळतंय, म्हणजे लक्षणं समोर आहेत आणि पैसे घालायचे नाहीत, तर त्र्यंबक रोडवरच्या सिव्हिलमधलं लैंगिक आजारांचं सुरक्षा क्लिनिक. 'एसटीडी पॅकेज' म्हणून लैंगिक आजारांच्या रक्ततपासण्यांचं जे गाठोडं विकलं जातं, त्यातला क्लॅमिडियाचा भाग पैसे वाया घालवणारा आहे. आणि मेडिकलच्या काउंटरवर लक्षणं सांगून गोळ्या घेणं हा या चौघांत सर्वांत स्वस्त दिसणारा आणि शेवटी सर्वांत महाग पडणारा मार्ग.

क्लॅमिडिया ट्रॅकोमॅटिस हा जिवाणू माणसाच्या पेशीच्या आत शिरून राहतो. जिवंत पेशीबाहेर त्याला वाढता येत नाही. पुढच्या बहुतेक भानगडी या एका गुणातून निघतात. संबंधानंतर साधारण एक ते तीन आठवड्यांत लक्षणं दिसू शकतात. पुरुषाला लघवी करताना जळजळ, सकाळी उठल्यावर टोकाशी पातळ पांढुरका थेंब, कधी एका अंडकोषात दुखणं. बाईला अंगावरून पांढरं जाणं वाढणं, संबंधानंतर रक्ताचा डाग, ओटीपोटात दुखणं. पण बहुसंख्य बायकांना आणि जवळपास निम्म्या पुरुषांना काहीच जाणवत नाही, आणि संसर्ग तसाच पुढे जात राहतो. बाईच्या गर्भनलिकांना आतून इजा होते ती बरेचदा अशीच, न दुखता. पुढे मूल राहत नाही किंवा गर्भ नलिकेतच राहतो, तेव्हा शोध सुरू होतो. (नलिका बंद निघाली तर आपल्याकडे क्षयरोगही तपासावा लागतो, सगळा दोष क्लॅमिडियावर टाकून चालत नाही.)

चैत्र-वैशाखात लघवीला जळजळ झाली की घरात 'उन्हाळी लागली' म्हणून सब्जा, धण्याचं पाणी, बार्ली सुरू होते. उन्हानेच झालेली जळजळ पाणी वाढवलं की दोन-तीन दिवसांत उतरते. स्राव येत असेल, किंवा नव्या जोडीदारानंतरच्या आठवड्यांत जळजळ सुरू झाली असेल, तर सब्ज्यावर दिवस घालवू नका.

युरिन कल्चरचा चकवा

बहुतेकांची पहिली पावती फाटते ती युरिन रुटीन आणि कल्चरची, म्हणजे लघवीतले जिवाणू वाढवून पाहण्याची. रुटीनमध्ये पस सेल (पू-पेशी) वाढलेले, कल्चरच्या रिपोर्टवर 'नो ग्रोथ'. रुग्ण सुटकेचा श्वास टाकतो आणि कधीकधी डॉक्टरही. इथेच घात होतो. कल्चरच्या बशीत खाद्य असतं, जिवंत पेशी नसतात, त्यामुळे क्लॅमिडिया तिथे उगवूच शकत नाही. पस सेल भरपूर आणि कल्चर कोरं, असा जोड रिपोर्टवर दिसला तर लैंगिक संबंधातून आलेला संसर्ग आणि मूत्रमार्गाचा क्षयरोग या दोन्ही गोष्टी डॉक्टरांनी मनात आणायला हव्यात. कल्चर वाईट तपासणी नाही, ई. कोलायसारख्या जिवाणूंसाठी ती उत्तम आहे. या कामाची ती नाही, एवढंच.

पॅकेजमध्ये काय मिळतं

कॉलेज रोड, गंगापूर रोडपासून सिडकोपर्यंतच्या कलेक्शन सेंटरवर आणि मोबाइल अ‍ॅपवर जी पॅकेजेस दिसतात, त्यांच्या आत थोड्याफार फरकाने हेच असतं: एचआयव्ही, व्हीडीआरएल (सिफिलिससाठी), एचबीएसएजी (हिपॅटायटिस बीसाठी), कधी हिपॅटायटिस सी, हर्पिसचे आयजीजी-आयजीएम (रक्तातल्या प्रतिपिंडांच्या तपासण्या) आणि क्लॅमिडियाचे आयजीजी-आयजीएम. नळी एक, रक्त एक, यादी लांब, रक्कम चार आकडी. यादी लांब दिसली की रुग्णाला भरपूर मिळाल्यासारखं वाटतं.

पहिल्या तीन तपासण्या कामाच्या आहेत. एचआयव्हीची चौथ्या पिढीची चाचणी संबंधानंतर ४५ दिवसांनी निगेटिव्ह आली तर तिच्यावर विसंबता येतं. त्याआधीची निगेटिव्ह अर्धवट समजावी. व्हीडीआरएल पॉझिटिव्ह आली तर घाबरण्याआधी टीपीएचए ही सिफिलिसची खात्रीची तपासणी करून घ्यावी, कारण गरोदरपण, मलेरिया, काही स्वयंप्रतिकार आजार यांतही व्हीडीआरएल खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते.

क्लॅमिडियाचे आयजीजी-आयजीएम मात्र घेऊ नयेत. आयजीजी हे संसर्गाविरुद्ध शरीराने बनवलेलं प्रथिन. संसर्ग बरा झाल्यावरही ते वर्षानुवर्षं रक्तात राहू शकतं. म्हणजे पॉझिटिव्ह आलं तर आजार आज आहे की पाच वर्षांपूर्वी होऊन गेला, कळत नाही. त्यात भर म्हणजे क्लॅमिडिया न्यूमोनिये नावाचा याच कुळातला जिवाणू खोकला-न्यूमोनिया करतो, आणि काही किटमध्ये त्याच्या प्रतिपिंडांमुळेही निकाल पॉझिटिव्ह दिसतो. मूत्रमार्गापुरता किंवा गर्भाशयमुखापुरता संसर्ग असताना आयजीएम वाढेलच असं नाही, म्हणून निगेटिव्हवरही भरवसा नाही. लग्न ठरल्यावर केलेल्या तपासणीत आयजीजी पॉझिटिव्ह निघाल्याने दोन घरांत कडाक्याचं भांडण होऊ शकतं, आणि प्रत्यक्षात त्या कागदाने काहीच सिद्ध झालेलं नसतं. हर्पिसच्या आयजीएमचीही गत फारशी वेगळी नाही. पॅकेजला आमच्याकडून पाचपैकी दीड तारा, तोही एचआयव्ही आणि व्हीडीआरएलमुळे. आणि त्या दोन्ही तपासण्या सरकारी केंद्रात फुकट होतात.

पीसीआर: नमुना नीट दिला तरच पैसे वसूल

पीसीआर किंवा नॅट ही तपासणी जिवाणूचा डीएनए किंवा आरएनए शोधते. जिवाणू आत्ता तिथे आहे का, हा प्रश्न तीच सरळ विचारते. लक्षणं असतील तर लगेच करा. लक्षणं नाहीत, फक्त धोक्याचा संबंध झालाय, तर दोन आठवडे थांबून करा. चौथ्या-पाचव्या दिवशीची निगेटिव्ह दिलासा देण्याच्या लायकीची नसते.

लॅबला फोन करताना शब्द मोजून वापरावे लागतात. 'क्लॅमिडिया टेस्ट होते का?' असं विचारलंत तर काउंटरवरची व्यक्ती यादीत जे नाव आधी सापडेल ते, म्हणजे बहुधा आयजीजी, बुक करते. विचारायचं असं: 'क्लॅमिडिया ट्रॅकोमॅटिस आणि नायसेरिया गोनोरियाची पीसीआर, लघवीवर किंवा स्वॅबवर होते का? रक्तावरची अँटिबॉडी नको.' दोन्ही जंतू एकत्र मागायचे, कारण ते एकाच वेळी असू शकतात आणि नुसत्या डोळ्यांनी वेगळे ओळखता येत नाहीत. सात-सात जंतूंची पॅनेलं मिळतात, पण त्यातल्या युरियाप्लाझ्मासारख्या काहींचं पॉझिटिव्ह येणं निरोगी माणसातही सर्रास आढळतं. मग उगाच औषधं मागे लागतात. दोन जंतूंची जोडी बहुतेकांना पुरते.

आता नमुना. लघवीच्या कल्चरला आधी जागा धुऊन, पहिली धार सोडून, मधली लघवी घ्यायची असते. क्लॅमिडियाच्या पीसीआरला बरोबर उलटं. आधी किमान एक तास, जमल्यास दोन तास लघवी करायची नाही. जागा धुवायची नाही, पुसायची नाही. आणि पहिली धार, अगदी पहिला थेंबसुद्धा, डबीत गेली पाहिजे. २० ते ३० मिलीलीटर झाले की डबी बाजूला आणि उरलेली संडासात. जिवाणू मूत्रमार्गाच्या भिंतीवरच्या पेशींत असतो, पहिली धार त्या पेशी धुऊन आणते. डबी काठोकाठ भरलीत तर तोच ऐवज पातळ होतो आणि खरी पॉझिटिव्ह निगेटिव्ह दिसू शकते. अडचण अशी की दोन्ही तपासण्यांना डबी तीच पांढऱ्या झाकणाची असते आणि काउंटरवर सवयीने 'मधली लघवी आणा' असंच सांगितलं जातं. डबीवरच्या ३० च्या रेघेवर लक्ष ठेवा आणि सांगणाऱ्याला पुन्हा विचारा.

बाईसाठी लघवीपेक्षा योनीतला स्वॅब सरस, आणि तो स्वतःला घेता येतो. हात धुऊन कांडी साधारण दोन इंच आत घालायची, दहा ते तीस सेकंद गोल फिरवायची, कुठे न टेकवता थेट ट्यूबमध्ये टाकायची, कांडीवरच्या खाचेशी मोडायची आणि झाकण घट्ट लावायचं. ट्यूबमधलं द्रव सांडलं तर नवी ट्यूब मागा, पाणी घालू नका. गुदद्वारातून किंवा तोंडाने संबंध झाले असतील तर तिथला स्वॅब वेगळा लागतो. लघवी निगेटिव्ह आली म्हणून गुदाशयात जिवाणू नाही असं होत नाही. हे सेंटरवर कुणी आपणहून विचारत नाही, आपल्यालाच सांगावं लागतं.

नाशिकमधली बरीच सेंटर्स फक्त नमुना गोळा करतात. तपासणी मुंबई-पुण्याच्या मोठ्या प्रयोगशाळेत होते. म्हणून नमुना सकाळी द्या, त्याच दिवशीच्या गाडीने तो कसारा घाट उतरावा. शनिवारी संध्याकाळी दिलेली साधी डबी रविवारभर पडून राहण्याची शक्यता असते. लघवी डबीतून नमुना टिकवणाऱ्या ट्रान्सपोर्ट ट्यूबमध्ये २४ तासांच्या आत जाते का, हा प्रश्न विचारण्यात लाजायचं काही नाही. वास्तविक क्षयरोगासाठी सरकारी दवाखान्यांत जी सीबीनॅट यंत्रं आहेत, त्याच यंत्रावर क्लॅमिडिया-गोनोरियाचं वेगळं कार्ट्रिज चालतं आणि दीड तासात निकाल देतं. यंत्र दारात असताना कार्ट्रिजअभावी लघवी घाट उतरून जाते, हे बघून चुकचुकायला होतं.

पीसीआरला साडेचार तारे. अर्धा तारा किमतीचा आणि वाट पाहण्याचा कापला.

पुरुषाला डोळ्यांना दिसेल असा स्राव असेल तर ग्रॅम स्टेन, म्हणजे स्राव काचपट्टीवर घेऊन, रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं, हाही चांगला पर्याय आहे. स्वस्त, त्याच दिवशी निकाल, आणि कोणत्याही बऱ्या पॅथॉलॉजिस्टला जमतो. गोनोरियाचे जोड-गोल जिवाणू पस सेलच्या आत दिसले तर निदान तिथेच झालं. पस सेल आहेत, जिवाणू दिसत नाहीत, तर क्लॅमिडियाची शक्यता वर येते. मात्र स्राव नसलेल्या माणसात किंवा बायकांमध्ये याच्यावर विसंबू नये.

मेडिकलचा काउंटर

'लघवीला जळतंय' एवढं सांगितलं की मिळणाऱ्या गोष्टी ठरलेल्या: अल्कलायझरची (लघवीचं आम्ल कमी करणाऱ्या औषधाची) बाटली, नॉरफ्लॉक्सासिन किंवा सिप्रोफ्लॉक्सासिन, नाहीतर अ‍ॅझिथ्रोमायसिन ५०० ची तीन गोळ्यांची पट्टी, रोज एक. बाटलीने जळजळ दबते, जिवाणूला धक्का लागत नाही. गोनोरिया असेल तर सिप्रोफ्लॉक्सासिनला तो भारतात मोठ्या प्रमाणावर दाद देत नाही. अ‍ॅझिथ्रोमायसिनची पट्टी घशासाठी ठरलेल्या हिशोबाची आहे. क्लॅमिडियासाठी द्यायचं तर १ ग्रॅम, म्हणजे ५०० च्या दोन गोळ्या एकाच वेळी. चुकीच्या डोसाने स्राव चार दिवस थांबतो, माणूस बरा झालो म्हणतो, आणि त्यानंतर केलेली तपासणीही गोंधळात टाकते.

सध्या पहिली पसंती डॉक्सीसायक्लिनला आहे: १०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, ७ दिवस. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने २०२१ च्या मार्गदर्शिकेत तीच पुढे ठेवली, विशेषतः गुदाशयातल्या संसर्गात अ‍ॅझिथ्रोमायसिनचा एक डोस कमी पडतो म्हणून. साध्या जेनेरिकच्या १४ गोळ्या जनऔषधी दुकानात शंभराच्या आत येतात, औषधांच्या घाऊक बाजारात, गोळे कॉलनीपर्यंत, खेप घालायची गरज नाही. लॅक्टोबॅसिलस मिसळलेली महागडी कॅप्सूल दिली तर तिच्याने क्लॅमिडिया जास्त मरत नाही. डॉक्सीसायक्लिन आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन ही दोन्ही औषधं शेड्यूल एचमध्ये आहेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच घ्यावीत. आणि गरोदर बाईला डॉक्सीसायक्लिन देत नाहीत, तिथे अ‍ॅझिथ्रोमायसिन.

डॉक्सीसायक्लिन फसते ती घेण्याच्या पद्धतीमुळे. ग्लासभर पाण्याबरोबर, बसून किंवा उभं राहून घ्यायची आणि पुढचा अर्धा तास आडवं व्हायचं नाही. झोपताना घोटभर पाण्याने गिळली की ती अन्ननलिकेत अडकते आणि छातीत अशी जळजळ उठते की माणूस दवाखाना गाठतो. लोहाची गोळी, कॅल्शियम आणि अ‍ॅसिडिटीची औषधं दोन-तीन तास लांब ठेवा. उन्हात कातडी लवकर भाजते, तेव्हा द्राक्षबागेत किंवा बांधकामावर काम करणाऱ्याने त्या आठवड्यात पूर्ण बाह्या घालाव्यात. मळमळ होत असेल तर जेवणानंतर घेतली तरी चालते. पाचव्या दिवशी बरं वाटलं म्हणून थांबणारे बरेच असतात. सातव्या दिवसाची रात्रीची गोळी पोटात जाईपर्यंत कोर्स पुरा होत नाही.

सिव्हिलचं सुरक्षा क्लिनिक

राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, म्हणजे नाको, हिच्या योजनेत जिल्हा रुग्णालयांत आणि वैद्यकीय महाविद्यालयांत लैंगिक आजारांसाठी ठरवून दिलेली क्लिनिक असतात. त्यांना सुरक्षा क्लिनिक म्हणतात. पुरुषांनी त्वचा व गुप्तरोग विभागात आणि बायकांनी स्त्रीरोग विभागात विचारायचं. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरसकट उपचार मोफत आहेत. बिटको, झाकीर हुसेन ही महापालिकेची, त्यांचा हिशोब वेगळा. काही शंका असेल तर १०९७ या फुकट हेल्पलाइनवर मराठीत विचारता येतं, नाव सांगावं लागत नाही.

इथली पद्धत लक्षणांवरून उपचार करण्याची आहे. पीसीआरची वाट पाहत नाहीत. स्राव दिसला की त्या लक्षणसमूहात येणाऱ्या सगळ्या संभाव्य जंतूंवर एकदम औषध. त्यासाठी रंगांची किट ठरलेली: मूत्रमार्गातून किंवा गर्भाशयमुखातून स्राव असेल तर करडं किट, त्यात अ‍ॅझिथ्रोमायसिन १ ग्रॅम आणि सेफिक्झिम ४०० मिलिग्रॅम, म्हणजे क्लॅमिडिया आणि गोनोरिया दोघांवर एकाच घोटात. ओटीपोटात दुखत असेल तर पिवळं किट, त्यातली औषधं १४ दिवस चालतात. एचआयव्ही आणि सिफिलिसची तपासणी, समुपदेशन आणि जोडीदारासाठी औषध, सगळं याच खेपेत. समोर बसून गोळ्या घेता येतात, त्यामुळे डोस अर्धवट राहण्याचा प्रश्न मिटतो. स्राव असलेल्या पुरुषासाठी ही व्यवस्था खासगीतल्या कित्येक महागड्या चिठ्ठ्यांपेक्षा सरस आहे, आणि हे आम्ही मोकळेपणाने म्हणतो.

उणीवा दोन. ओपीडी सकाळची, अंबड-सातपूरला पहिल्या शिफ्टला जाणाऱ्याचा खाडा ठरलेला. दुसरी जास्त गंभीर: लक्षणंच नसतील तर लक्षणांवर चालणारी पद्धत तुम्हाला पकडू शकत नाही. नवरा पॉझिटिव्ह निघाला आणि बायकोला काहीच त्रास नाही, तर तिला जोडीदार म्हणून औषध मिळतं. पण ज्या बाईला कुणी काही सांगितलंच नाही, ती या जाळीतून सुटते. गरोदरपणाच्या नेहमीच्या तपासण्यांत एचआयव्ही आणि सिफिलिस असतात, क्लॅमिडिया नसतो. बाळाच्या डोळ्यांना आणि फुप्फुसांना बाळंतपणात संसर्ग होऊ शकतो, म्हणून शंका असलेल्या गरोदर बाईने खासगीत पीसीआर करून घेणं योग्य.

जोडीदार, आणि पुन्हा तपासणी

मागच्या ६० दिवसांतल्या प्रत्येक जोडीदाराला उपचार हवा. एकट्याने गोळ्या घेतल्या की आठ-पंधरा दिवसांत तोच जिवाणू परत येतो आणि मग 'औषध लागू पडलं नाही' म्हणून डॉक्टर बदलला जातो. दोघांचं औषध एकाच आठवड्यात, आणि सात दिवसांचा कोर्स संपेपर्यंत किंवा एका डोसानंतर सात दिवस संबंध नाहीत, निरोधसकटही नाहीत.

बरं झालो का हे पाहायला लगेच पीसीआर करू नका. मेलेल्या जिवाणूचा डीएनएही सापडतो. चार आठवड्यांच्या आतली पॉझिटिव्ह खोटी असू शकते. गरोदर बाईची मात्र चार आठवड्यांनी खात्री करतातच. बाकीच्यांनी तीन महिन्यांनी एकदा तपासावं, कारण तोवर पुन्हा लागण होण्याचं प्रमाण बरंच असतं. औषध संपून दोन-तीन आठवडे झाले तरी स्राव चालूच असेल, तर तीच गोळी पुन्हा न घेता त्वचारोगतज्ज्ञांकडे मायकोप्लाझ्मा जेनिटॅलियम आणि ट्रायकोमोनास या दुसऱ्या जंतूंबद्दल विचारा. अंडकोष अचानक, तीव्र दुखायला लागला, विशेषतः तरुण मुलात, तर तपासणीचा विचारही नको, थेट इमर्जन्सी. अंडकोषाला पीळ पडला असेल तर काही तासांतच तो गमवावा लागू शकतो.

शेवटची व्यवहाराची गोष्ट रिपोर्टची. बहुतेक लॅब नोंदणीच्या नंबरवर पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपने टाकतात, आणि पूर्वी वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नंबरवर साखरेची तपासणी झाली असेल तर सॉफ्टवेअर तोच नंबर उचलतं. नोंदणी करताना स्वतःचा नंबर नव्याने घालायला लावा, बिलावर तो छापून आला का ते तिथेच पाहा, आणि रिपोर्ट हातात घेणार असल्याचं सांगून ठेवा. तीन महिन्यांनंतरच्या तपासणीलाही याच लॅबमध्ये आलात तर नंबर पुन्हा एकदा तपासा. जुनी नोंद उघडली की जुना नंबरही उघडतो.